महिंद्राची जुनी जीप: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात जुनी जीप घेतली, वाडवडिलांची जीप पुन्हा चालती करायची ठरवली किंवा नुसतीच आवड लागली, की ठरावीक प्रश्न पडतात. इतिहास आणि यंत्र यांची उत्तरं एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत की त्यांचे वेगळे भाग पाडले नाहीत. भर आहे तो महिंद्राने अमेरिकेच्या विलिस कंपनीच्या परवान्यावर बनवलेल्या सीजे-३बी या जीपवर आणि तिच्यातून पुढे आलेल्या डिझेल गाड्यांवर.

आमच्या घरची जीप ‘विलिस’ आहे असं आजोबा सांगायचे. ती खरंच विलिस का?

बहुतेक वेळा नाही. आपल्याकडे दारात उभ्या असलेल्या जुन्या जीपपैकी बहुतेक महिंद्राने मुंबईत बनवलेल्या आहेत. आरेखन विलिसचं, बांधणी इथली. उजव्या हाताचं स्टिअरिंग आणि उंच बॉनेट दिसलं की पहिला अंदाज महिंद्राचाच बांधायचा. मग आरसी पुस्तकात निर्मात्याचं नाव काय आहे ते बघा आणि चासीवर ठोकलेला नंबर पुस्तकाशी जुळवा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याने मागे सोडलेल्या खऱ्या युद्धकालीन जीपही देशात आहेत, पण त्यांचं बॉनेट बसकं असतं आणि मूळ गाडीत स्टिअरिंग डावीकडे असतं.

माझं मत स्पष्ट आहे: महिंद्रा असेल तर तिला महिंद्राच म्हणावं. ऑलिव्ह रंग फासून, बॉनेटवर पांढरा तारा काढून तिला महायुद्धातली नॉर्मंडीची जीप बनवण्यात पैसे घालू नका. तिचा स्वतःचा इतिहास त्याहून कमी रंजक नाही.

जीप मुळात कुणाची? विलिसचीच ना?

इथेही परवाना आणि उसनवारी पहिल्या दिवसापासून आहे. जुलै १९४० मध्ये अमेरिकी सैन्याने १३५ कंपन्यांना हलक्या टेहळणी गाडीसाठी विचारलं. नमुना करायला मुदत होती ४९ दिवसांची. ती पाळली अमेरिकन बँटम या छोट्या कंपनीने. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने आराखडे काढले आणि २३ सप्टेंबर १९४० ला गाडी मेरीलँडमधल्या कॅम्प होलाबर्ड इथे पोचली. त्यानंतर विलिस आणि फोर्ड यांनी आपापले नमुने आणले. विलिसचा जोर इंजिनात होता. बार्नी रूस यांनी घडवलेलं ‘गो-डेव्हिल’ ६० अश्वशक्ती देत होतं आणि तेवढी ताकद इतर दोघांकडे नव्हती.

कंत्राट विलिसला मिळालं, पण एका कारखान्याला मागणी झेपेना. म्हणून विलिसच्या आराखड्यावर फोर्डनेही गाड्या बनवल्या. युद्ध संपेपर्यंत दोघांच्या मिळून सहा लाखांवर गाड्या झाल्या. म्हणजे जगातल्या प्रसिद्ध जीपपैकी निम्म्याच्या आसपास जीप दुसऱ्याच्या आराखड्यावर बनलेल्या होत्या. ‘परवान्यावर बनवलेली’ म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

महिंद्राकडे जीप कशी आली?

२ ऑक्टोबर १९४५ ला लुधियानात ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी निघाली. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र हे महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद हे तिचे भागीदार. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले. ते त्या देशाचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं.

ऑक्टोबर १९४७ मध्ये विलिसकडून ७५ गाड्या सुट्या भागांत आल्या. १९४९ मध्ये माझगावला जागा घेऊन तिथे जोडणी सुरू झाली. गोदीला लागून असलेलं माझगाव निवडणं साहजिक होतं, कारण भागांच्या पेट्या बोटीने येत होत्या.

पुढची पायरी सरकारी धोरणामुळे आली. १९५३ च्या सुमारास केंद्र सरकारने ठरवलं, की जे इथे गाडी बनवण्याचा कार्यक्रम हाती घेतील त्यांनीच धंदा करावा. नुसत्या जोडणीला यापुढे जागा नाही. जनरल मोटर्स शिवडीत १९२८ पासून गाड्या जोडत होती, ती आवरून निघून गेली. महिंद्राने मात्र १९५४ मध्ये विलिसशी तांत्रिक आणि आर्थिक सहकार्याचा करार केला. माझगावातली जोडणी मागे पडली आणि कांदिवलीत खरं उत्पादन उभं राहिलं. शिवडी आणि माझगाव शेजारी शेजारी आहेत, पण दोन कंपन्यांनी उलट दिशेचे निर्णय घेतले. आपल्या वाहनउद्योगाच्या इतिहासातलं हे वळण मला फार मोलाचं वाटतं.

परवाना म्हणजे नेमकं काय मिळालं?

आराखडे, मापं, धातूची प्रत, जोडणीची पद्धत आणि ते नाव वापरण्याचा हक्क. परवान्याबरोबर कारागीर येत नाहीत. भाग बनवणारे पुरवठादारही येत नाहीत. ते इथेच तयार करावे लागतात. सुरुवातीला सगळी गाडी पेटीतून येते. मग पत्रा इथे ठोकला जातो, मग पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या), मग हौजिंग (दोन चाकांमधल्या आसाचं कवच), मग गिअर आणि शेवटी इंजिनचं ओतकाम. परकीय चलन तुटपुंजं असल्यामुळे बाहेरून येणारा एकेक भाग कमी करणं ही गरजच होती.

त्यामुळे साच्यांमध्ये एकदा पैसा घातला की आकार बदलायची घाई कुणी करत नाही. अमेरिकेत सीजे-३बी १९५३ ते १९६८ एवढीच बनली. सुमारे १ लाख ५५ हजार गाड्या करून तिकडे ती बंद झाली. जपानमध्ये मित्सुबिशीने त्याच परवान्यावर घेतलेली जीप १९९८ पर्यंत बनवली. आपल्याकडेही तो चेहरा कित्येक दशकं रस्त्यावर राहिला. मूळ मालक मात्र बदलत गेले. १९५३ मध्ये विलिस कायझरच्या हाती गेली, १९७० मध्ये अमेरिकन मोटर्सकडे आणि १९८७ मध्ये क्रायस्लरकडे.

सीजे-३बी चं बॉनेट एवढं उंच का?

इंजिन उंच आहे म्हणून. आधीच्या गो-डेव्हिल इंजिनात हवा आत घेणारा इनटेक आणि धूर सोडणारा एक्झॉस्ट असे दोन्ही व्हॉल्व्ह बाजूला, ब्लॉकमध्येच होते. हेड म्हणजे नुसतं सपाट झाकण. नव्या ‘हरिकेन’ इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच ठेवले आणि इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले. त्यामुळे इनटेकचा व्हॉल्व्ह मोठा करता आला आणि हवा मोकळी आत येऊ लागली. घनफळ तेच राहिलं, २१९९ सीसी. शक्ती मात्र ६० वरून ७५ अश्वशक्तीवर गेली. हे इंजिन जुन्या बॉनेटखाली मावेना, तेव्हा विलिसने बॉनेटच वर उचललं. अमेरिकेत काहींना ते कुरूप वाटलं. आपल्याला तोच जीपचा खरा चेहरा वाटतो, कारण आपण तो पोलीस ठाण्यात, वनखात्यात, निवडणुकीच्या प्रचारात आणि गावच्या पाटलाच्या दारात पाहत आलो.

त्या दोन जागी बसवलेल्या व्हॉल्व्हचा एक व्यावहारिक परिणाम आहे. इनटेकचे टॅपेट (व्हॉल्व्हची फट) वरून आणि एक्झॉस्टचे बाजूने लावावे लागतात. नवा मेकॅनिक वरचे लावून झाकण बंद करतो आणि खालचे विसरतो. गाडी गरम झाल्यावर शक्ती पडत असेल, तर आधी एवढं विचारून घ्या.

फोर बाय फोर नक्की कसं चालतं? रोज लावून ठेवलं तर?

डांबरी रस्त्यावर लावून ठेवू नका. हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

इंजिनमागे गिअरबॉक्स, त्यामागे ट्रान्स्फर केस, म्हणजे ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणारी पेटी. तिच्यातून एक शाफ्ट मागच्या हौजिंगला आणि एक पुढच्या हौजिंगला जातो. प्रत्येक हौजिंगमध्ये डिफरन्शियल आहे, त्यामुळे वळताना डावं-उजवं चाक वेगवेगळ्या गतीने फिरू शकतं. पुढचा आणि मागचा शाफ्ट यांच्यामध्ये मात्र डिफरन्शियल नाही. फोर बाय फोर लावलं की ते दोन्ही एकमेकांना जखडले जातात. वळताना पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात, म्हणजे त्यांना जास्त अंतर कापायचं असतं. चिखलात किंवा वाळूत चाक थोडं घसरून हा फरक भरून काढतं. कोरड्या डांबरावर ते घसरत नाही, मग सगळा ताण शाफ्ट, क्रॉस (शाफ्टचा सांधा) आणि गिअरवर चढत जातो. स्टिअरिंग जड होतं, लिव्हर निघत नाही आणि शेवटी काहीतरी तुटतं. लिव्हर अडकलीच तर जोर लावू नका. सरळ थोडं मागे घ्या, ताण उतरला की ती सुटते.

आता लो-गिअर, म्हणजे ट्रान्स्फर केसमधला संथ पण ताकदीचा गिअर. मूळ सीजे-३बी मध्ये तीन गिअरचा टी-९० गिअरबॉक्स, स्पायसर १८ ट्रान्स्फर केस आणि ५.३८ चं क्राऊन-पिनियन (हौजिंगमधली दातेरी चाकांची जोडी) होतं. पहिल्या गिअरचं गुणोत्तर २.८, लो-गिअरचं २.४६. तिघांचा गुणाकार केला तर सुमारे ३७ येतो. म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिन ३७ वेळा फिरतं. इंजिन मिनिटाला १००० फेऱ्यांवर असेल, तर १६ इंची रिमच्या मूळ टायरवर गाडी मिनिटाला साधारण ६० मीटर जाते, म्हणजे माणसाच्या सावकाश चालीने. दगडांच्या उतारावर ब्रेक न दाबता ती याच चालीने खाली येते. ब्रेक दाबून चाकं लॉक झाली की गाडी घसरते, म्हणून उतरताना पाय पेडलपासून लांब ठेवायचा आणि काम इंजिनवर सोपवायचं.

स्पायसर १८ मुळे मागचा डिफरन्शियलचा गोळा मधोमध नसून उजवीकडे सरकलेला असतो. दगडावरून गाडी काढताना दगड डाव्या बाजूला राहील असं बघा.

हँडब्रेक लावूनही गाडी सरकली, असं कसं झालं?

या गाड्यांचा मूळ हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्स्फर केसच्या मागे, शाफ्टवर बसतो. चारही चाकं जमिनीवर असेपर्यंत उत्तम धरतो. पण पंक्चर काढायला मागचं एक चाक जॅकने उचललं, की डिफरन्शियलमुळे ते उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं चाक सुटतं. उतारावर जॅक लावण्याआधी चाकांना दगड लावायचेच. चालत्या गाडीत हा ब्रेक ओढू नका, धक्का थेट शाफ्टला बसतो.

घोडबंदर रोडवर ८० च्या वेगाने चालेल का?

चालेल, पण तिला ते आवडत नाही. टॉप गिअरमध्ये ५.३८ चं क्राऊन असताना ताशी ६० ला इंजिन मिनिटाला २४०० फेऱ्या घेतं आणि ८० ला ३२०० च्या पुढे जातं. त्यात ड्रम ब्रेक आणि जुन्या पद्धतीचं, थोडी मोकळीक असलेलं स्टिअरिंग. कंटेनरच्या पुढे जाऊन अचानक थांबायची वेळ आली तर अंतर पुरत नाही. ताशी ५० ते ६० ला डाव्या लेनमध्ये ठेवा. गायमुखचा घाट ती छान चढते.

डिझेल इंजिनं कोणती आली? कुठलं चांगलं?

इथे महिंद्राची जीप विलिसपासून खऱ्या अर्थाने वेगळी झाली. पेट्रोल महागलं तसं गिऱ्हाईक डिझेल मागू लागलं. महिंद्राच्या घरात ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन होतंच. अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर १९६३ मध्ये निघालेली ट्रॅक्टर कंपनी १९७७ मध्ये महिंद्रात विलीन झाली. त्या घराण्याचं साधारण २३५० सीसीचं इंजिन जीपमध्ये बसलं. नांगरासाठी बनवलेलं यंत्र ते: कमी फेऱ्यांवर भरपूर ओढ, वर वेग नाही, आवाज आणि थरथर पुष्कळ. थरथरीने पत्र्याला आणि ब्रॅकेटांना चिरा जातात, म्हणून असं इंजिन असलेल्या गाडीत इंजिन माउंटिंग आणि रेडिएटरच्या पट्ट्या आधी तपासा.

१९७९ मध्ये महिंद्राने फ्रान्सच्या पेजोकडून एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनचा परवाना घेतला. नावातच माप आहे: चार सिलिंडर, ९० मिलिमीटर व्यास. स्ट्रोक ८३ मिलिमीटर, घनफळ २११२ सीसी. डिझेल थेट सिलिंडरमध्ये न फवारता हेडमधल्या छोट्या कक्षात फवारलं जातं, त्यामुळे चाल मऊ असते. मात्र थंड इंजिन सुरू करताना हीटर प्लग तापायला थोडं थांबावं लागतं. महिंद्राच्या एमएम ५४० या जीपमधलं हेच ते इंजिन. अमेरिकी चासी आणि फ्रेंच इंजिन, असे दोन परवाने एका गाडीत आले. आणि ती गाडी सह्याद्रीतल्या घाटांना साजेशी झाली.

रोज वापरायची असेल तर माझी पसंती पेजोला. ओव्हरहीट होऊ देऊ नका, नाहीतर हेडचं काम निघतं. रेडिएटर आतून साफ ठेवा, होज पाइप वेळेवर बदला. शेतावर ठेवायची असेल तर ट्रॅक्टरचं इंजिन, कारण ते तालुक्याच्या कुठल्याही ट्रॅक्टर मेकॅनिकला उघडता येतं. आणि मूळ हरिकेन पेट्रोल इंजिन चालू स्थितीत असेल, तर ते काढून डिझेल बसवू नका. अशी इंजिनं आता फार थोडी उरली आहेत.

इंजिन बदललं तर कायद्याने चालतं का?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ यासाठी आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, की निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून वेगळी होईल अशी फेरफार केलेली गाडी नोंदवता येत नाही. इंजिन बदलायचं झालं तर आधी आरटीओची परवानगी, मग काम, मग पुस्तकात नोंद. विकत घेताना ‘इंजिन पुस्तकावर चढलंय का’ हा पहिला प्रश्न विचारा. नसेल चढलेलं, तर किंमत कितीही कमी असो, सोडून द्या.

पासिंग होईल का? १५ वर्षं केव्हाच उलटली.

दिल्लीतला १० वर्षांच्या डिझेलचा नियम ठाण्यात लागू नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी फिटनेस तपासून पुढे पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते आणि त्यासोबत पर्यावरण कर भरावा लागतो. नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून बरीच वाढली आहे, म्हणून ताजी रक्कम आपल्या आरटीओत विचारा. ठाण्याची एमएच ०४, नवी मुंबईची एमएच ४३. धूर, ब्रेक, दिवे आणि हॉर्न यांची तयारी आधी करून जा.

गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल, तर २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. मात्र मग ती रोजच्या रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच बाहेर काढता येते. भाजी आणायला जीपने जायचं असेल तर साधी नोंदणीच बरी.

मिलिटरी डिस्पोजलची, म्हणजे सैन्याने लिलावात काढलेली गाडी असेल तर लिलावाचे मूळ कागद आणि पहिली मुलकी नोंदणी दोन्ही हवेत.

ठाण्यात गाडी लवकर गंजते, हे खरं?

खरं. खाडीचा खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस, दोन्ही वाईट. कळवा, कोपरी, वाशी, ऐरोली अशा खाडीकाठच्या भागात गाडी उघड्यावर असेल तर जास्तच. वरचा पत्रा बघून भुलू नका, तो बदलता येतो. चासीच्या आत साचलेला चिखल खरा शत्रू. पाट्यांचे हँगर, शॅकलच्या जागा आणि बॉडी टेकते ते ब्रॅकेट हातोडीने हलके वाजवून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला तर आत पत्रा उरलेला नाही. दसऱ्याला हार घालण्याआधी खालून पाण्याच्या जोराने चासी धुऊन, सुकवून तेलाचा हात द्या. पुढच्या हौजिंगच्या टोकाला किंगपिनचे मोठे गोळे आहेत, त्यांची सील गेली की पाणी आत शिरतं आणि ग्रीस दुधट होतं. पावसाळ्यानंतर ते उघडून बघा.

भाग मिळतात का?

मिळतात. इतकी वर्षं एकाच आरेखनाच्या गाड्या बनल्या, त्याचा हा सगळ्यात मोठा फायदा. क्रॉस, बेअरिंग, सील, क्लच प्लेट, पाटे सहज मिळतात. कुर्ल्याच्या जुन्या मोटारींच्या बाजारात बाकीचं. जे कुठेच मिळत नाही ते वागळे इस्टेटमधल्या किंवा रबाळे-महापेच्या लेथवर बनवून घेता येतं. जुना भाग मोडका असला तरी टाकून देऊ नका, लेथवाल्याला माप त्यावरूनच घ्यायचं असतं. ही माणसं आहेत म्हणून या जीप जिवंत आहेत. त्यांचं काम घासाघीस न करता मोजा.

जिप्सी आणि जोंगा यांचं काय?

त्याही परवान्याच्याच. जोंगा म्हणजे निसान कंपनीची पॅट्रोल ही गाडी. जबलपूरच्या वाहन निर्माणीत सैन्यासाठी बनलेली, जवळपास ४ लिटरचं सहा सिलिंडर पेट्रोल इंजिन असलेली दणकट गाडी. मारुतीची जिप्सी १९८५ मध्ये आली, सुझुकीच्या आरेखनावर. ९७० सीसीचं इंजिन, पुढे १३०० सीसीचं. वजन एक टनाच्या आत, आणि म्हणूनच चिखलात ती भल्याभल्यांना मागे टाकते. पहिली जुनी फोर बाय फोर घेणाऱ्या तरुणाला मी जिप्सी सुचवतो. तिची देखभाल सोपी आहे.

आजची थार याच घराण्यातली का?

२०१० ची थार सरळ याच वंशातली, चेहऱ्यापासून मागच्या पाट्यांपर्यंत. २०२० ची थार नव्याने आखलेली गाडी आहे. दरम्यान जुन्या चेहऱ्यावरून अमेरिकेत वादही झाला. महिंद्राने २०१८ मध्ये तिथे रॉक्सर ही शेतावरची गाडी आणली, तेव्हा जीप नावाच्या तेव्हाच्या मालकांनी व्यापार आयोगाकडे तक्रार केली. अखेर महिंद्राला तिचं तोंड बदलावं लागलं.

ठाण्यात चालवून बघायला कुठे न्यावी? येऊर?

येऊर नको. तो जंगलभाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडतो, बिबट्याचं घर आहे ते. खारघरच्या टेकड्या आणि पाणथळ जागाही सोडा. मुरबाड-शहापूरकडे ओळखीच्या शेतमालकाची परवानगी घेऊन, भात काढून झाल्यावर जा. सोबत दुसरी गाडी आणि दोर हवा.

पावसात साचलेल्या पाण्यातून काढली तर?

पाणी चाकाच्या मध्याच्या वर असेल तर नको. पेट्रोल जीपचा डिस्ट्रिब्युटर भिजला की ती जागेवर बंद पडते. डिझेलला ठिणगी लागत नाही, म्हणून ती चालत राहते, पण एअर क्लीनरमधून पाणी आत ओढलं गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडली तर सेल्फ मारू नका, ढकलून बाहेर काढा. पाण्यातून आल्यावर ब्रेक हलके दाबत थोडं अंतर चालवा म्हणजे ड्रम सुकतात. घरी आल्यावर गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस आणि दोन्ही हौजिंगचं ऑइल बघा. पांढुरकं दिसलं तर त्याच आठवड्यात बदला.